चुलीचा वैल आणि घरची वीज



परभणीहून जिंतूरकडे जाताना झरी लागतं. या रस्त्यानं आम्ही कितीदा गेलो असू, पण उतरून चार शब्द बोलायचा योग आजचा. संयोजकांनी फोन केला तेव्हा आम्हाला वाटलं, नेहमीप्रमाणे गीता किंवा ज्ञानेश्वरी सांगतील. त्यांनी विषय दिला विजेचा. आम्ही म्हटलं, अहो, आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. बॉयलरशी आमचा संबंध आईच्या तांब्याच्या बंबापुरता. तर म्हणाले, "सर, म्हणूनच तुम्हाला बोलावतोय. गावात एक गृहस्थ येऊन गेले. त्यांच्याकडे छापील पत्रक होतं. एकच यंत्र पाणीही तापवणार आणि वीजही देणार, तीही फुकट. दोन-तीन घरं विसार द्यायला निघालीत. हे खरं की खोटं, एवढं सांगा."

प्रश्न पैशाचा आहे, म्हणून आम्ही गेले दोन महिने अभ्यास केला. उत्तर थोडक्यात असं की यंत्र खरं आहे, फुकट मात्र खोटं आहे. आणि तेच यंत्र एका घरी सोनं ठरेल, दुसऱ्या घरी भंगार. कुठलं घर कुठलं, हे ओळखायचं कसं, तेवढंच आज बघू.

सुरुवात चुलीपासून करू. आपल्या जुन्या चुलीला शेजारी वैल असायचा. पुढच्या तोंडाला जाळ, त्यावर तवा, तव्यावर भाकरी. भाकरीला लागतो तो तेज जाळ. तिथून पुढे सरकलेली धग वैलाखाली जायची आणि त्यावर वरणाचं पातेलं किंवा दूध. लाकूड एकच, कामं दोन. आता यातला क्रम बघा. तेज जाळावर भाकरी आणि उरलेल्या धगीवर दूध, असा तो आहे. उलटं कुणी करत नाही. वैलावर भाकरी टाकली तर ती कच्चीच राहणार.

ज्याला आज सहवीजनिर्मिती म्हणतात, कारखान्यात 'कोजन' म्हणतात, ते दुसरं तिसरं काही नसून हा वैलच आहे. तेज उष्णतेतून आधी वीज काढायची आणि उरलेल्या धगीवर पाणी तापवायचं, रस आटवायचा, खोली ऊब ठेवायची.

आता विचाराल, यात एवढं मोठं काय? तर आपल्या शेजारच्या परळीकडे बघा. औष्णिक केंद्रात कोळसा जाळतात, पाण्याची वाफ करतात, वाफेनं टर्बाइन फिरतं, त्याला जोडलेलं जनित्र फिरतं, वीज होते. पण कोळशातल्या 100 भाग उष्णतेपैकी विजेत उतरतात ते जेमतेम 35 ते 38. काही उष्णता धुराड्यातून जाते. सगळ्यात मोठा वाटा टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ थंड करताना फेकला जातो. ते जे पोट आत गेलेले अवाढव्य मनोरे दुरून दिसतात ना, कूलिंग टॉवर, ते उष्णता फेकायचे मनोरे आहेत. आणि उष्णता फेकायला पाणी लागतं. ते पाणी वाफ होऊन आभाळात जातं.

किती लागतं? केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं 2015 च्या डिसेंबरात अधिसूचना काढून जुन्या केंद्रांना मर्यादा घातली, ती एका युनिटमागे साडेतीन लिटर. 250 मेगावॅटचा एक संच पूर्ण दिवस चालला तर 60 लाख युनिट होतात. साडेतीननं गुणा. दिवसाला 2 कोटी 10 लाख लिटर. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, ती आपण सगळ्यांनी पाहिली. 50 वाघिणींच्या एका खेपेत 25 लाख लिटर पाणी यायचं. म्हणजे या मर्यादेच्या हिशेबानं एका संचाला रोज तशा आठ गाड्या. परळीला हे पाणी गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून जातं. 2013 च्या फेब्रुवारीत पाणी नाही म्हणून परळीचे संच बंद ठेवावे लागले. पुढे 2015-16 च्या दुष्काळात पुन्हा तेच झालं. कोळसा होता, माणसं होती, यंत्रं धडधाकट होती. उष्णता फेकायला पाणी नव्हतं.

हा हिशेब डोक्यात ठेवा. फेकलेल्या उष्णतेची किंमत मराठवाड्यात पाण्यानं मोजावी लागते. घरात महिन्याला 100 युनिट जळत असतील आणि ती अशा केंद्रातून येत असतील, तर त्यांच्यामागे साडेतीनशे लिटरपर्यंत पाणी आहे. ते आपल्या नळाच्या बिलात दिसत नाही, एवढंच.

मग इंजिनिअर लोक एवढे हुशार, ते उष्णता फेकतातच का? सगळ्याची वीज का करत नाहीत? इथं आमच्या विषयाची थोडी हद्द लागते.

सांख्य दर्शनात सत्कार्यवाद आहे. कार्य कारणात आधीपासूनच असतं, नवं काही उपजत नाही, असलेलंच रूप बदलतं. दुधाचं दही होतं तसं. आधुनिक पदार्थविज्ञानाचा पहिला नियम याच्या जवळ जातो. ऊर्जा नष्ट होत नाही, रूप बदलते. पण दुसरा नियम म्हणतो, थांबा. मात्रा तेवढीच राहील, पण तिची लायकी राहणार नाही. चुलीतला जाळ आणि अंगणात पसरलेली धग यांत ऊर्जा तेवढीच असू शकते, पण धगीवर भाकरी भाजत नाही.

हे पहिल्यांदा नीट ओळखलं साडी कार्नो नावाच्या फ्रेंच तरुणानं. 1824 साली त्यानं एक छोटं पुस्तक काढलं. वय तेव्हा तिशीच्या आत. पुढे 36 व्या वर्षी पटकीनं गेला. त्याचा विचार असा होता की गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे उष्णता वाहते, तेव्हाच यंत्र काम करतं. धबधब्याला जशी उंची लागते, तसा यंत्राला गरम आणि थंड यांतला फरक लागतो. फरक मोठा तर काम जास्त. आणि खाली, थंड बाजूला, काहीतरी सोडावंच लागतं. उद्या कितीही चांगलं यंत्र आलं तरी हे सुटत नाही. 540 अंशांची वाफ आणि 45 अंशांची थंड बाजू धरली, तर आदर्श यंत्रसुद्धा 61 टक्क्यांच्या पुढे जाणार नाही. खरं यंत्र त्याच्याही बरंच खाली राहतं.

आता आपला बंब घ्या. 100 लिटर पाणी 25 अंशांवरून 90 अंशांवर नेलं. उष्णता किती भरली? 6,500 किलोकॅलरी. 860 किलोकॅलरी म्हणजे एक युनिट, म्हणजे साडेसात युनिट झाले. ऐकायला भरपूर वाटतं. पण या पाण्यातून वीज काढायला गेलात, तर पाणी थंड होत जाईल तसतसा फरकही घटत जाणार. सगळं मिळून आदर्श यंत्रालाही साधारण साडेनऊ टक्के मिळतील, म्हणजे पाऊण युनिटाच्या आत. खऱ्या यंत्राला त्याचा तिसरा हिस्सा मिळाला तरी खूप. दोन-तीन तास पंखा फिरेल. आणि पाणी? ते पुन्हा 25 अंशांवर. पंखा चालला, पण आंघोळ थंड पाण्यानं!

म्हणून तापलेल्या पाण्यातून वीज हे उलटं गणित आहे. आधी जाळातून वीज आणि मग उरलेल्या धगीतून पाणी, हे सुलटं. पत्रकवाल्या गृहस्थांना पहिला प्रश्न हाच विचारा की तुमच्या यंत्रात आधी काय होतं.

सुलट्या क्रमाची घरगुती यंत्रं जगात आहेत. आमचा भाचा जर्मनीत असतो. त्याच्या इमारतीच्या तळघरात कपाटाएवढं एक यंत्र आहे. आत गॅसवर चालणारं इंजिन. इंजिनाला जनित्र जोडलेलं, साडेपाच किलोवॅट वीज देणारं. आपल्या मोटारीत रेडिएटर उष्णता वाऱ्यावर सोडतो. तिथं तेच पाणी आणि धुराची उष्णता फिरवून सबंध इमारतीच्या खोल्या गरम ठेवतात, वर आंघोळीचं पाणी. साडेपाच किलोवॅट वीज, तर साडेबारा किलोवॅट उष्णता. भाचा सांगतो, "मामा, यंत्र विकत घेतलं ते उष्णतेसाठी. वीज वरकड." हे 'वरकड' महत्त्वाचं आहे.

दुसरी जात स्टर्लिंग इंजिनाची. 1816 साली रॉबर्ट स्टर्लिंग या स्कॉटिश पाद्र्यानं त्याचं पेटंट घेतलं. यात जाळ इंजिनाच्या बाहेर असतो, आतला वायू तापून फुगतो, थंड होऊन आकसतो, आणि दट्ट्या हलतो. ब्रिटनमध्ये भिंतीवरच्या बॉयलरमध्ये असं एक किलोवॅटचं इंजिन बसवून विकलं गेलं. तिसरी जात इंधनघटाची, म्हणजे फ्युएल सेलची. त्यात जाळण्याऐवजी रासायनिक क्रियेतून थेट वीज होते. जपाननं 2009 पासून अशी घरगुती यंत्रं बाजारात आणली. गॅस इंजिनाची त्याआधी, 2003 पासून होती.

या यंत्रांत इंधनातली 80-85 टक्के उष्णता कामी येते. परळीच्या 35 पुढे 85! मग झरीत का नको?

हिशेब करू. घरगुती गॅसची टाकी 14.2 किलोची. तिच्यात सुमारे 180 युनिटांची उष्णता असते. लहान इंजिन त्यातली 25 टक्के विजेत उतरवेल असं धरा. 45 युनिट वीज. आणखी 55 टक्के गरम पाण्यात जाईल, म्हणजे 100 युनिटांएवढी उष्णता. 20 लिटरची बादली 20 अंशांवरून 45 वर न्यायला 500 किलोकॅलरी लागतात. म्हणजे एका टाकीत 45 युनिट वीज आणि 170 बादल्या गरम पाणी!

आता आम्हाला सांगा, मे महिन्यात, पारा 43 वर असताना, झरीतल्या कुठल्या घराला 170 बादल्या गरम पाणी हवंय? तेव्हा तर टाकीतलं पाणी आधीच पोळतं. ते गरम पाणी गटारीत गेलं की उरली 45 युनिटं. टाकी 900 रुपयांची धरली, तर युनिट पडलं 20 रुपयांना. शिवाय घरगुती टाकी इंजिनाला लावणं नियमात बसत नाही, व्यावसायिक टाकी आणखी महाग. जर्मनीत सहा-सात महिने खोल्या तापवाव्या लागतात, म्हणून तिथं वैलावर कायम पातेलं असतं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे कडाका पडतो खरा, पण बाकी वर्षभर वैल रिकामा. रिकाम्या वैलासाठी कुणी चूल पेटवतं का?

घरासाठी मग उत्तर दोन वेगळ्या वस्तूंचं आहे. परभणीच्या उन्हात छतावरचा एक किलोवॅटचा सौर संच दिवसाला सरासरी चार युनिट देतो. 2024 च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला 30,000, दोनला 60,000 आणि तीन किंवा जास्त किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे. आंघोळीला सौर बंब. इंधन नाही, हलणारा भाग नाही, आणि उष्णता फेकायला पाणीही नाही. पॅनेल धुवायला लागतं तेवढंच.

मग सहवीज आपल्या कामाची नाहीच? आहे. जिथं वैल बारा महिने, निदान हंगामभर, भरलेला असतो तिथं आहे. तीन ठिकाणं सांगतो.

पहिलं, साखर कारखाना. एक टन उसामागे 280 ते 300 किलो चिपाड निघतं, निम्मं ओलं. रस तापवायला, आटवायला वाफ लागतेच. ती वाफ चिपाड जाळून करतात. पूर्वी चिपाड संपवायचं कसं हीच पंचाईत असे, म्हणून बॉयलर मुद्दाम कमी दाबाचे ठेवत. आता 87 बार दाबाचे, 515 अंशांची वाफ देणारे बॉयलर आले. ही तेज वाफ आधी टर्बाइनमधून जाते, वीज देते, आणि दाब उतरल्यावर रसाखाली जाते. भाकरी आधी, दूध मग. कारखान्याची गरज भागून टनामागे 100 युनिटांच्या आसपास वीज विकायला उरते. दिवसाला 2,500 टन गाळप असेल तर रोज अडीच लाख युनिट. महाराष्ट्र सरकारनं 2008 साली यासाठी 1,000 मेगावॅटचं धोरण आखलं. वर गंमत अशी की हंगामात ही वाफ रसाखाली थंड होते, तेवढा कूलिंग टॉवरचा भार हलका. उसातच 70 टक्के पाणी असतं, ते आटवताना कारखान्याला परत मिळतं.

पण आम्ही एकच बाजू सांगणार नाही. उसाला शेतात जे पाणी लागलं ते या हिशेबात धरलं नाही, आणि मराठवाड्यात ते धरल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. चिपाड आहे म्हणून वीज करणं शहाणपणाचं. विजेसाठी आणखी ऊस लावणं हे नव्हे. दुसरी गोष्ट, चिपाड कोणाचं? शेतकऱ्यानं ऊस घातला, साखरेचा भाव मिळाला, मग चिपाडाच्या पैशाचं काय? 2012 साली रंगराजन समितीनं साखर आणि चिपाड, मळी यांसारखे उपपदार्थ यांच्या उत्पन्नातला 70 टक्के वाटा शेतकऱ्याला द्यावा असं सुचवलं. 2013 मध्ये राज्यानं ऊस दराचा कायदा केला. इथं ऊस घालणारे बसलेत. कारखान्याच्या सभेला जाल तेव्हा चिपाडाचा हिशेब मागा. तो तुमचा हक्काचा प्रश्न आहे.

दुसरं ठिकाण, दुधाचा मोठा गोठा. साधारण 25 किलो शेणातून एक घनमीटर गोबर गॅस मिळतो, आणि एका घनमीटरातून इंजिनावर दीड युनिट वीज. पाच जनावरं असतील, 50 किलो शेण, दोन घनमीटर गॅस. त्याची वीज केली तर तीन युनिट. त्याच गॅसवर एका कुटुंबाचा स्वयंपाक होतो. तेव्हा पाच जनावरांच्या घरानं वीज करू नये, चूल पेटवावी. 50 जनावरं असतील तर रोज 30 युनिट होतील. शिवाय इंजिनाच्या गरम पाण्यानं दुधाचे कॅन धुता येतील, आणि थंडीत गॅसची टाकी ऊब ठेवता येईल, कारण आतल्या जीवाणूंना 35 अंशांच्या आसपासची ऊब मानवते. थंडीत गॅस कमी येतो ही तक्रार त्यानं बरीच मिटते. इथं वैल रोज भरलेला आहे.

तिसरं, मोठं रुग्णालय, वसतिगृह, हॉटेल. तिथं गरम पाणी रोज लागतं. आणि ऐकून नवल वाटेल, उष्णतेवर गारवाही करता येतो. वाफेवर किंवा गरम पाण्यावर चालणारी शीतयंत्रं असतात. पुण्यात थरमॅक्ससारखी कंपनी ती बनवते. म्हणजे आपल्या मे महिन्यातसुद्धा वैलावर पातेलं ठेवता येतं, फक्त पातेलं भलं मोठं हवं. एका घराला ते परवडत नाही.

तर मंडळी, पत्रक घेऊन कुणी आलं की पाच प्रश्न विचारा. एक, आधी वीज होते की आधी पाणी तापतं? दोन, इंधन कुठलं, आणि एका युनिटाला किती? तीन, तासाला गरम पाणी किती निघणार, आणि ते मे महिन्यात कुठं जाणार? चार, महावितरणची वीज गेली तर यंत्र चालेल का? ग्रिडला जोडलेली यंत्रं, आपले सौर संचसुद्धा, वीज गेली की आपोआप बंद पडतात. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला उलटा धक्का बसू नये म्हणून ती सोय असते. बॅटरी किंवा वेगळी जोडणी नसेल तर अंधार तो अंधारच. पाच, दाबाची वाफ असेल तर बॉयलरचं प्रमाणपत्र कुठं आहे? आपल्याकडे 1923 पासून बॉयलरचा कायदा आहे, तो उगीच झाला नाही. बंबाचं तोंड उघडं असतं म्हणून तो निरुपद्रवी. कोंडलेली वाफ माणूस मारते. वेल्डिंगच्या दुकानात घरगुती बॉयलर करून बघायचं कुणाच्या मनात असेल, तर हात जोडून सांगतो, करू नका.

आणि एक काम घरी गेल्यावर करा. वहीत बारा महिने लिहा. प्रत्येक महिन्यासमोर दोन आकडे: विजेच्या बिलातली युनिटं, आणि रोज लागणाऱ्या गरम पाण्याच्या बादल्या. दुसरा रकाना बाराही महिने भरलेला असेल, तर पत्रकवाल्याला बोलवा, आम्हीही येऊ. मार्च ते ऑक्टोबर तो रिकामा असेल, तर विसार देऊ नका.

मघाशी चहाच्या वेळी एका आजींनी विचारलं, "मग बंब मोडीत काढायचा का?" नाही आजी. थंडीच्या चार दिवसांत वाळलेल्या पऱ्हाट्यांवर तो तापतो, त्याला दुसरं काही करायला लावू नका. पाणी तापवणं हेच त्याचं काम, आणि ते तो चोख करतो.

आमचं बोलून झालं. आता तुम्ही विचारा.